खेळाडूला विचारा, तो सांगेल
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



नवी मुंबईच्या कोणत्याही सेक्टरमधील मैदानावर संध्याकाळी गेलात तर एक आवाज हमखास ऐकू येतो. "अरे, लक्ष कुठे आहे? किती वेळा सांगायचे?" शिकवणाऱ्याची तळमळ खरी असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण मूल मान खाली घालते, 'हो सर' म्हणते आणि पुढच्या चढाईत त्याच जागी पुन्हा पकडले जाते. असे का होते, याचा विचार आज आपण करू.

द्रोणाचार्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरायला लावून त्यांनी शिष्यांना विचारले, "तुला काय दिसते?" प्रश्न फार चांगला होता. पण ज्याचे उत्तर मनासारखे आले नाही, त्याला त्यांनी बाजूला केले. म्हणजे तो प्रश्न शिकवण्यासाठी नव्हता, निवड करण्यासाठी होता. आणि एकलव्याला तर कोणी विचारलेच नाही की, बाबा, तू एकट्याने एवढे शिकलास कसा? त्याच्याकडे मागितला तो अंगठा!

इतिहासातही हेच दिसते. १८७६ साली जन्मलेले पळवणकर बाळू पुण्याच्या मैदानावर गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. त्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा तो मान त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी काही विचारले नाही, त्यांच्या मुलांना मैदानावर तरी प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आता प्रश्न विचारायचा कसा? टिमोथी गॅलवे या अमेरिकन टेनिस शिक्षकाने १९७४ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, खेळाडूचा मोठा प्रतिस्पर्धी त्याच्या स्वतःच्या डोक्यात बसलेला असतो. पुढे ब्रिटनचे मोटार शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी १९९२ साली हाच विचार पुस्तकरूपाने मांडला. 'चेंडूवर नजर ठेव' असे शंभरदा सांगून नजर ठरत नाही. 'जाळ्यावरून येताना चेंडू कोणत्या बाजूला फिरत होता?' असे विचारले, की उत्तर देण्यासाठी खेळाडूला चेंडू पाहावाच लागतो. हुकमाने जे होत नाही, ते प्रश्नाने होते.

व्हिटमोर यांच्या पुस्तकातील चार पायऱ्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्याव्यात. पहिली, ध्येय: आज काय साधायचे आहे? दुसरी, सद्यस्थिती: आता नेमके काय घडते आहे? तिसरी, पर्याय: आणखी काय काय करून पाहता येईल? चौथी, निर्धार: यातले काय करणार आणि कधी?

आपल्या कबड्डीचे उदाहरण घेऊ. 'का पकडला गेलास?' असे विचारले की मुलगा सबब शोधतो, कारण 'का' या शब्दात आरोप असतो. त्याऐवजी विचारा, 'पकड बसली तेव्हा तुझे वजन कोणत्या पायावर होते? कोपऱ्यातला गडी तुला केव्हा दिसला?' मुलगा क्षणभर थांबतो, आठवतो आणि सांगतो. त्याने स्वतः शोधलेली चूक पुढच्या चढाईत त्याच्या लक्षात राहते.

आपल्या शेजारच्या पनवेलचेच पाहा. सुमा शिरूर यांनी २००४ साली आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, आणि पुढे पनवेलला नेमबाजीची शाळा उभी केली. त्यांची शिष्या अवनी लेखरा हिने २०२१ मध्ये टोकियोला आणि २०२४ मध्ये पॅरिसला पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. नेमबाजीत प्रशिक्षक मागे उभा असतो, चाप खेळाडूलाच ओढावा लागतो. चाकांच्या खुर्चीत बसून नेम धरणाऱ्या मुलीच्या खांद्याला, श्वासाला काय जाणवते, हे उभ्या माणसाला विचारल्यावाचून कळणार कसे?

प्रश्नालाही मर्यादा आहे. नवशिक्याला आधी उभे कसे राहायचे हे दाखवावेच लागते. गुडघा सुजला असेल तर 'तुला काय वाटते?' म्हणत बसू नये, खेळ थांबवावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. आणि उत्तर आधीच ठरवून विचारू नये. ती पुन्हा द्रोणाचार्यांचीच परीक्षा होईल.

पालकांना एकच विनंती. मुलगी स्पर्धेहून परतली की 'कितवा नंबर आला?' हा पहिला प्रश्न नको. 'आज काय चांगले जमले? उद्या काय वेगळे करशील?' असे विचारा. हरलेल्या दिवशी तर नक्कीच विचारा, कारण पुष्कळ मुली मैदान सोडतात त्या हरल्यामुळे नव्हे, तर घरी आल्यावर मिळालेल्या वागणुकीमुळे.

विद्यार्थी मित्रहो, विचारणारा कोणी नसेल तर स्वतःलाच विचारा. रोज सरावानंतर वहीत तीन ओळी लिहा: काय ठरवले होते, काय झाले, उद्या काय करणार. वही आणि पेन्सिलीला फारसा खर्च येत नाही. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!