मोहरी, मेरू आणि परमाणू

मडके कशामुळे झाले? कुंभार, माती, चाक, दांडा, ही उत्तरे आपण सगळेच देऊ. आपले नैयायिक एवढ्यावर थांबले नाहीत. माती वाहून आणणारे गाढव कारणात धरायचे का, असे त्यांनी विचारले. आणि कुंभाराचा बाप? दोघांनाही त्यांनी बाहेर काढले. माती डोक्यावरून आणली तरी मडके होतेच! अशा आधी हजर असलेल्या, पण कारण नसलेल्या गोष्टींना ते 'अन्यथासिद्ध' म्हणत. कारणाच्या बाबतीत इतकी काटेकोर मंडळी. म्हणूनच काही वस्तू कारणावाचून आहेत, असे तीच सांगू लागली की मी कान टवकारतो.

त्यांचे जोडीदार वैशेषिक. जे आहे आणि ज्याला कारण नाही ते नित्य, असे कणादांचे सूत्र आहे. पण हा मान फुकट मिळत नाही. वस्तू अवयवांची बनलेली असली, की ते अवयव जुळण्याला कारण आलेच. डोंगर, पृथ्वी, सगळे इथे नापास. कवडशात तरंगणारा धूलिकण, त्यांचा 'त्रसरेणू', तोसुद्धा नापास. कारण तो सहा परमाणूंचा. परमाणूपाशी मात्र थांबायचे. नाहीतर मोहरीचे तुकडे अनंत आणि मेरूचेही अनंत, मग दोन्ही सारखीच मोठी म्हणावी लागतील!

यातून निघणारी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. न्याय-वैशेषिकांचा ईश्वर परमाणू निर्माण करत नाही. कुंभार तरी माती कुठे निर्माण करतो? ईश्वर फक्त जुळवतो. 'मग देवाला कोणी केले?' हा पोरांचा नेहमीचा प्रश्न. त्याला इथे उत्तर आहे: परमाणूला जसे कोणी केले नाही, तसेच देवालाही. मीमांसकांना तर ईश्वराचीही गरज वाटली नाही. त्यांच्या लेखी वेद कर्त्यावाचून आहेत.

बौद्ध वसुबंधूने या परमाणूलाच हात घातला. त्याला सहा बाजूंनी सहा परमाणू चिकटले, तर त्याचे सहा भाग झाले की नाही? आणि सगळे एकाच जागी मानले, तर अख्खा ढीग एका परमाणूएवढा. मला हा पेच मोहरी-मेरूच्या युक्तिवादापेक्षा भारी वाटतो.

आजचे विज्ञान तर त्या अटीवरच घाव घालते. इलेक्ट्रॉनला अवयव असल्याचे अजून तरी कुठे आढळलेले नाही. पण म्हणून तो नित्य नाही. अणुकेंद्राजवळून जाणाऱ्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते, आणि पुन्हा एखादा पॉझिट्रॉन गाठ पडला की दोघेही नाहीसे होतात.