आधी ‘थांब’ म्हणणारा शोधा



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आपल्या उद्दिष्टाला साजेशी बॉक्सिंग जिम’. विजेंदरचं बीजिंग, मेरी कोमचं लंडन, लवलीनाचं टोकियो ही ऑलिंपिक पदकं तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्यात वेळ घालवत नाही. माझं सांगणं एवढंच आहे. आरसे, यंत्रं, एसी आणि भिंतीवरचे फोटो मागाहून बघा. आधी बघा, तिथे वेळेवर ‘थांब’ म्हणणारा माणूस आहे का.

उद्दिष्टांचं पटकन सांगतो. वजन उतरवायचं असेल, दम वाढवायचा असेल, तर दोरीउड्या, शॅडो बॉक्सिंग, बॅग आणि पॅड एवढ्यावर काम भागतं. डोक्याला एकही ठोसा बसू न देता वर्षानुवर्षं बॉक्सिंग करता येतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. स्पर्धा खेळायची असेल तर क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का, तिथली मुलं खरोखर स्पर्धांना जातात का, हे विचारा. उद्दिष्ट बदललं की जागाही बदलू शकते. 1954 साली लुईव्हिलमध्ये बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीची, सायकल चोरीला गेली. त्याची तक्रार ऐकणारा पोलीस, जो मार्टिन, तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवत होता. पोरगा तिथेच शिकू लागला. पुढे व्यावसायिक झाल्यावर तो मियामीत अँजेलो डंडीकडे गेला. सुरुवातीचा गुरू वेगळा आणि व्यावसायिक लढतींचा वेगळा.

अलीचं नाव निघालं, तर मनिला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. (‘सांगा, सांगा!’ असा आवाज. हशा.) 1 ऑक्टोबर 1975. अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत, पंधरा फेऱ्यांची. सभागृहात जीव घुसमटवणारा उकाडा. तेराव्या फेरीत अलीच्या ठोशाने फ्रेझरच्या तोंडातला माउथगार्ड उडून बाहेर पडला. चौदाव्या फेरीत फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद होत आलेला. डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. फेरी संपली, फ्रेझर कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला. एकच फेरी उरली होती. समोर अलीचीही शक्ती संपत आली होती. आणि फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच याने लढत थांबवली. फ्रेझर विरोध करत होता, त्याला उठायचं होतं. फच बधला नाही. जगज्जेतेपद तीन मिनिटांवर असताना आपल्या खेळाडूला बसवून ठेवणारा हा माणूस मला त्या दिवसाचा सर्वांत मोठा माणूस वाटतो. (टाळ्या.)

आता दुसरा कोपरा बघा. 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर अलीच्या कोपऱ्यातले डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याने आता थांबावं असं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पाचेको बाजूला झाले. अली 1981 पर्यंत लढत राहिला.

समोरचे गृहस्थ मान हलवताहेत. ‘आमच्या पोराला काय मनिलाला जायचंय?’ बरोबर आहे. पण दुखापत नवशिक्यालाही होते, आणि पहिल्याच आठवड्यात कुणाही दांडग्याबरोबर रिंगमध्ये उतरवलं तर लवकर होते. हेडगार्ड घातलं की झालं, असं समजू नका. हेडगार्डने कपाळ फुटायचं वाचतं, आतला मेंदू हादरायचा तो हादरतोच.

म्हणून एक संध्याकाळ नुसतं बघायला जा. नवीन मुलाच्या हाताला पट्टी कोण बांधतं ते बघा. चांगला प्रशिक्षक मनगटाला वेढे देतो, अंगठ्यामागून पट्टी फिरवतो, बोटांच्या गाठींवर घड्या रचतो आणि मग ‘मूठ आवळ’ म्हणून स्वतः दाबून पाहतो. स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, चालू असताना तो मोबाइलवर आहे की दोरीला हात लावून उभा आहे, ते बघा. एखाद्याचे पाय लटपटले, नजर हरवली, की फेरी तिथेच थांबते का? थांबवल्यावर त्या मुलाची चेष्टा होते का? डोक्याला मार बसलेल्याला त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये सोडतात का? सोडत असतील तर आल्या पावली परत फिरा, फी कितीही कमी असो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. आहाराचं राहिलं, ग्लव्हजच्या वजनाचंही राहिलं. स्पॅरिंगला मोठ्या माणसांनी सोळा औंसांचे जाड ग्लव्हज घालावेत, एवढं लिहून घ्या.

मागच्या ताई विचारताहेत, मुलीला पाठवू का? अवश्य पाठवा. महिलांचं बॉक्सिंग 2012 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि निखत झरीन 2022 आणि 2023 अशी लागोपाठ जगज्जेती झाली. फक्त पहिल्या दिवशी मुलीबरोबर तुम्हीही जा, प्रशिक्षकाला समोरासमोर विचारा, ‘तुम्ही स्पॅरिंग कधी थांबवता?’ नीट उत्तर मिळालं तरच पैसे भरा, आणि पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरा.