अंतराळस्थानकाचा तोल

जयपूरजवळच्या बस्सीत संध्याकाळी कधी कधी एक ठळक ठिपका न लुकलुकता आकाश ओलांडताना दिसतो. ते असते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. उंची सुमारे 400 किलोमीटर, वजन 400 टनांहून अधिक. साधारण 90 मिनिटांत ते पृथ्वीला फेरी घालते. खालची बाजू सतत जमिनीकडे राहावी, म्हणून त्याला मिनिटाला सुमारे 4 अंश वळावे लागते.

पण तिथली विरळ हवाही त्याला ढकलते. पृथ्वी जवळच्या भागाला जरा जास्त ओढते. या दोन्हींमुळे स्थानकाला बसणारा पीळ आवरायला त्यावर चार जड चाके आहेत. प्रत्येक चाक सुमारे 98 किलोंचे, मिनिटाला 6600 फेरे घेणारे. चाकाचा अक्ष मोटरने कलवला, की प्रतिक्रियेने स्थानक वळते. वीज सूर्याची, इंधन लागत नाही.

मात्र पीळ एकाच दिशेने साचत गेला, तर चाकांची क्षमता संपते. मग छोटी रॉकेटे चालवावी लागतात. या रॉकेटांचे इंधन वाचवण्यासाठी स्थानक किंचित कलते ठेवतात. त्या स्थितीत हवेचा आणि गुरुत्वाचा पीळ एकमेकांना जवळजवळ रद्द करतात.

29 जुलै 2021 रोजी ‘नाउका’ या नव्या रशियन भागाची रॉकेटे चुकून सुरू झाली. चाके अपुरी पडली, स्थानक सुमारे दीड फेरी फिरले. इतर रॉकेटांनी ते सावरले.

भारताचे स्वतःचे अंतराळस्थानकही 2035 पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. एकेक भाग जोडताना वजनाची मांडणी बदलेल, म्हणून नियंत्रणाचे गणितही प्रत्येक टप्प्यावर नव्याने मांडावे लागेल.