कुरळे केस आणि मेंदी



वसंतातील व्याख्यानाला आम्ही घरी केसांस मेंदी लावण्याचा विषय निवडला, हे ऐकून मघाशी काही मंडळी हसली. आमची हरकत नाही. परंतु हसणाऱ्यांपैकी किती मस्तके आपल्या मूळच्या रंगाची आहेत, हे या व्यासपीठावरून फार चांगले दिसते.

मेंदीच्या पानांत रंग देणारे मुख्य द्रव्य एकच, लॉसोन. ते केसांतील केराटिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसते. त्याने पांढरा केस नारिंगी-तांबडा होतो. काळ्या केसावर उन्हात जेमतेम झाक दिसते. काळा रंग मेंदीजवळ नाहीच. तेव्हा पुड्यावर 'काळी मेंदी' असे लिहिले असेल, तर तो काळेपणा दुसऱ्या कशाचा तरी आहे. ती निळीच्या पानांची पूड असेल तर गोष्ट निराळी. आधी मेंदी व मग नीळ लावून केस काळे करण्याची रीत जुनीच आहे. पण पुष्कळदा ते पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन हे रसायन असते.

हे आम्ही केवळ वाचून सांगत नाही. भाच्याच्या लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही 'नैसर्गिक' असे ठसठशीत छापलेला एक पुडा आणून डोक्याला फासला. लग्नाच्या दिवशी कानांमागे पाणीदार फोड आणि पापण्या सुजून डोळे अर्धे मिटलेले! अक्षता काळ्या चष्म्याआडून टाकल्या. डॉक्टरांनी पुडा मागवून मागची बाजू वाचली, तेव्हा ते लांबलचक नाव बारीक अक्षरांत सापडले. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

म्हणून पुडा नवा असला की कालवलेली मेंदी कानामागे चिमूटभर लावून ४८ तास वाट पाहावी. रंगाची परीक्षा आपल्याच गुंतवळावर घ्यावी. तासाभरात ते काळेभोर झाले, तर पुड्यात निव्वळ मेंदी नाही. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण पुड्यावर सोजतचे नाव छापायला शाईच तेवढी लागते.

आता कुरळ्या केसांविषयी. टाळूचे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणांतून ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हे केस मुळातच कोरडे, आणि मेंदी त्यांत भर घालते. वारंवार लावल्यास काहींची वळणेही सैल पडतात. ज्यांना आपले कुरळेपण प्रिय आहे, त्यांनी पहिल्या खेपेनंतर फक्त मुळांशी वाढलेल्या केसांनाच मेंदी लावावी.

पूड वस्त्रगाळ हवी. जाडसर असली तर कुरळ्यांत अडकते आणि चार दिवस उशीवर सांडत राहते. कोमट पाण्यात, थोडे लिंबू पिळून, सहा-आठ तास भिजवावी. लिंबू जास्त झाले की केस आणखी रुक्ष होतात. केस धुऊन, ओलसर असतानाच रुंद दातांच्या फणीने गुंता काढावा आणि बटा वेगळ्या करून बोटांनी लेप द्यावा. लेपावर फणी फिरवू नये, केस तुटतात. दोन-तीन तासांनी धुवावे. पहिल्या दिवशी रंग भडक दिसला तर घाबरू नये; हवेने तो दोन दिवसांत गडद होतो. तोवर शाम्पू नको. तेल दुसऱ्या दिवशी लावावे.

राहता राहिले पाणी. आमच्या वाकडात उन्हाळ्यात पुष्कळ सोसायट्या टँकरवर असतात, आणि बोअरचे पाणी जड. केस आधीच राठ, त्यात त्या पाण्याचे क्षार. शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत. कुरळ्या केसांतला लगदा निघायला तीन बादल्या सहज लागतात, तेव्हा रात्री मेंदी भिजवण्यापूर्वी सकाळी टँकर येणार की नाही, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून घ्यावे.