पाहणे आणि जगणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वक्त्याला त्याच्या उंचीहून मोठा विषय देण्याची चालकमंडळींना हौस आहे. आम्हांला दिलेला विषय 'जीवनाचा अर्थ' हा होय. तो तासाभरात आटोपणारा नाही, हे चालकही जाणतात आणि आपणही जाणता. तेव्हा आम्ही त्याचे एकच टोक धरणार आहो. माणूस पाहतो कसा, आणि त्याच्या पाहण्याचा त्याच्या जगण्यातील हेतूशी संबंध काय, एवढेच आज बोलू. उदाहरणांसाठी ग्रीस किंवा जर्मनीस धाव घेण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यात या प्रश्नाचा खल गेली कित्येक शतके चालू आहे.

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांची आख्यायिका आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. जैत्रपाळ नावाचा राजा होता. त्याला ब्रह्म पाहायचे होते, पण सवडीने नव्हे. रिकिबीत एक पाय ठेवून दुसरा पाय घोड्यापलीकडे टाकण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ब्रह्म दाखवा, अशी त्याची अट. ज्यांना ते दाखवता येईना, त्या साधुसंन्याशांना त्याने कैद करून मजुरीस जुंपले. पुढे मुकुंदराज आले, त्यांनी राजाला घोड्यावर चढता चढताच समाधी लावली, आणि कैदी सुटले. 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानतात. त्यावर पंडितांचे वाद आहेत. आख्यायिकेच्या खरेपणाविषयी तर आहेतच. त्यांत आम्ही पडत नाही. कीर्तनकार या गोष्टीत समाधीपाशी थांबतात. आमचे मन मात्र त्या कैद्यांपाशी घुटमळते. विश्वाचे अंतिम सत्य डोळ्यांनी पाहू इच्छिणाऱ्या या राजाला, आपल्याच राज्यात वाकून मजुरी करणारी माणसे दिसत नव्हती काय? डोळे तर तेच होते.

हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. तो डोळ्यांचाही आहे. घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे चार बोटांच्या अंतरावर एक ठळक ठिपका द्या. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू मागेपुढे करा. सुमारे हातभर अंतराच्या आत कोठेतरी ठिपका नाहीसा होईल. डोळ्याच्या मागील पडद्यावर जेथून मज्जातंतू मेंदूकडे निघतात तेथे दृष्टीच नाही. मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हे दाखवून दिले. पण खरी गंमत पुढेच आहे. ठिपका गेला तेथे भोक दिसत नाही, काळोखही दिसत नाही. कोरा कागदच दिसतो! म्हणजे जे दिसले नाही त्याची जागा मन परस्पर भरून टाकते, आणि काही दिसले नाही याचा पत्ताही आपल्याला लागू देत नाही. जन्मभर आपण हे भोक घेऊन हिंडतो.

हे झाले शरीरातले भोक. याहून मोठे भोक हेतूचे असते. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुण एकमेकांकडे चेंडू टाकीत आहेत असे चित्रण लोकांस दाखवले आणि एका गटाने चेंडू किती वेळा टाकला ते मोजण्यास सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे उत्तम होते आणि ते टक लावून पाहत होते. पण पाहण्याचे काम दुसरे होते. आपल्या बृहदारण्यकात हाच अनुभव सांगितला आहे, की मन दुसरीकडे होते म्हणून दिसले नाही, ऐकू आले नाही. नैयायिकांनी तर मनाला अणुएवढे मानले. ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून एकाच क्षणी दोन ज्ञाने होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा अणू आज कोणी मानणार नाही. त्यांचे निरीक्षण मात्र पक्के होते.

यावर एखादा चतुर श्रोता म्हणेल, मग सगळे मनाचेच खेळ म्हणा की! ज्याला जे दिसेल ते त्याचे सत्य. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. गेवराईच्या शेतकऱ्याने कितीही आशेने पाहिले तरी कोरडा ढग भरत नाही. तलाठ्याने नोंदवहीत काही लिहिले तरी विहिरीचे पाणी त्याप्रमाणे वर येत नाही. जग आपल्या हेतूला जुमानत नाही, हे दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच, की पाहण्यात जगाचा वाटा किती आणि आपला किती?

येथे आम्हांला दासोपंत आठवतात. दासोपंतांचा जन्म १५५१ चा, समाधी १६१५ ची, आणि ती अंबाजोगाईसच. ग्रंथरचना त्यांनी अफाट केली. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. आमच्यासारख्याला त्याच्या काठावर उभे राहूनच घाम फुटतो. पण दासोपंत म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती त्यांची पासोडी. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असे तिचे माप सांगतात. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र, गरिबाचे पांघरूण. त्यावर या माणसाने 'पंचीकरण' लिहिले, आकृत्या काढून लिहिले. वेदान्तातला किचकट विषय कापडावर अंथरून ठेवला, म्हणजे पाहणाऱ्याने बोट फिरवीत समजून घ्यावा. तत्त्वज्ञान पाहण्याची वस्तू करणारा असा ग्रंथकार आम्हांस दुसरा माहीत नाही.

पंचीकरणाचा हिशेब सोपा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते मुळात सूक्ष्म असतात, आणि सूक्ष्म असतात तोवर ती इंद्रियांना कळत नाहीत. मग प्रत्येकाचे दोन सारखे भाग होतात. एक अर्धा भाग त्याने स्वतःपाशी ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार तुकडे करून उरलेल्या चौघांना एकेक द्यायचा. म्हणजे आपल्याला दिसते ती पृथ्वी अर्धी पृथ्वी असते, आणि बाकीच्या अर्ध्यात इतर चौघांचा आठवा-आठवा हिस्सा असतो. अर्धा अधिक चार अष्टमांश, मिळून एक. आपल्या मराठी ग्रंथांनी हा हिशेब पुढे देहापर्यंत आणला: हाडे आणि मांस पृथ्वीकडची, घाम आणि लाळ पाण्याकडची, भूक, तहान, झोप तेजाकडची, आणि शोक, भय आकाशाकडचे.

रसायनशास्त्र म्हणून याची आज किंमत नाही. मूलद्रव्यांचा तक्ता शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. परंतु या हिशेबातील एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. जे शुद्ध आहे ते दिसत नाही, मिसळल्यावर दिसते. जे अनुभवास येते ते स्वतःचे अर्धेच असते, उरलेले अर्धे इतरांकडून आलेले असते. आमच्या मते पाहण्याचेही असेच आहे. अर्धे जगाकडून येते. उरलेल्या अर्ध्यात आपली भूक, आपले भय, आपला धंदा आणि आपल्याला लहानपणी शिकवलेली भाषा असते. हे प्रमाण काट्यावर तोलून कोणी दाखवील असे नव्हे, पण मिश्रण खरे. आणि जीवनाच्या अर्थाचेही तसेच असावे. जैत्रपाळाला तो निर्भेळ हवा होता, इतर कशाचीही मिसळ नसलेला, घोड्यावर बसता बसता हातात पडणारा.

आता याच जिल्ह्यातला दुसरा एक अर्ध्याचा हिशेब सांगतो. तो वेदान्तातला नाही, मुकादमाच्या वहीतला आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊस तोडायला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात. या धंद्यात माणसे मोजण्याचे माप 'कोयता' हे आहे. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, आणि काम चुकले तर खाडा कोयत्यावर लागतो. मुकादमाला आम्ही दोष देत बसत नाही. तोही कारखान्याच्या उचलीत अडकलेला असतो आणि टोळी पळाली तर त्याचे घर बसते. आमचे लक्ष त्या मोजमापाकडे आहे. ज्या मापाने मोजाल तेवढेच दिसते. कोयता म्हटल्यावर पाते दिसते, मूठ दिसते, दिवसाचे टन दिसतात. ती मूठ धरणाऱ्या बाईला ताप आहे की तिचे दिवस भरत आले आहेत, हे मापात बसत नाही. चेंडू मोजणाऱ्याला गोरिला दिसत नाही.

हे काव्य नव्हे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. सहा जणींत एक! लवकर झालेली लग्ने, लागोपाठची बाळंतपणे, डोक्यावरच्या मोळ्या, फडात ना आडोसा ना पाणी, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, आणि दुखणे घेऊन गेले असता दाखवली जाणारी कर्करोगाची भीती, अशी कारणे तेव्हा पुढे आली. या बायका कोठे दूर अरण्यात राहत नव्हत्या. त्या आपल्याच बाजारात येत होत्या, आपल्याच एसटीत बसत होत्या, आपल्याच गावांतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढत होत्या. मग तेरा हजार शस्त्रक्रिया होईपर्यंत या जिल्ह्याला काय दिसत होते? भोकाच्या जागी कोरा कागद दिसत होता.

आणि मोजणी बदलली तेव्हा काय झाले पाहा. पाहणी करणाऱ्यांनी कोयते मोजले नाहीत. बाया मोजल्या, एकेकीला विचारले. ज्या दिवशी एकेक बाई मोजली गेली त्या दिवशी जे वर्षानुवर्षे समोर होते ते दिसू लागले. डोळ्यांत काही नवे तेज आले नव्हते. विचारण्याचे काम नवे होते.

कोणी म्हणेल, व्याख्यान जीवनाच्या अर्थावर होते, हे ऊस आणि दवाखाना कोठून आले? जीवनाचा अर्थ हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे, फडातल्या माणसाला तो पडत नाही, असा एक समज शहाण्या लोकांत आढळतो. आम्हांला तो खोटा वाटतो, आणि थोडा उद्दामही. पहाटे थंडीत कोपीबाहेर चूल पेटवणाऱ्या बाईला आपण हे कशासाठी करतो हे पेन्शन घेऊन बसलेल्या आमच्यापेक्षा नेमके ठाऊक असते: मुलीची शाळा, सासऱ्याचे औषध, उचलीतली उरलेली रक्कम. तिच्या जगण्यातला अर्धा भाग तिचा, उरलेला अर्धा चौघांना वाटलेला. दासोपंतांचा हिशेब तेथे तंतोतंत लागतो. फरक एवढा, की पंचीकरणात जो अर्धा देतो त्याला इतर चौघांकडूनही अष्टमांश मिळतो आणि तो पुन्हा पूर्ण होतो. तिने दिलेला अर्धा परत येत नाही; वहीत तर ती मुळातच अर्धी लिहिलेली असते. जिचा हेतू एवढा स्पष्ट आहे तिला अर्थाची वाण नाही; वाण आहे ती देणेकऱ्यांची, आणि ते देणेकरी आम्ही शहरवासी आहो. आपण सकाळी चहात घालतो ती साखर तिच्याच मोळीतून आलेली असते.

आम्ही चैत्र-वैशाखात बोलतो आहो. याच दिवसांत पट्टा पडून टोळ्या परत येतात. ट्रॅक्टरवर भांडी, बाजा, वासरे आणि त्यांच्या मध्ये झोपलेली पोरे दिसतात. चार दिवसांत कोणी बँकेत येईल, कोणी दवाखान्यात, कोणी मुलाचा दाखला घेऊन शाळेत. तेथे खुर्चीवर बसणारे आज या सभेत पुष्कळ आहेत, हे आम्ही ओळखतो. आणि पावसाळा सरेपर्यंत पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतील, मुकादम वही उघडील, नवराबायकोच्या नावांपुढे एक लिहील आणि एकटीच्या नावापुढे अर्धा.