वेठ आणि श्रम : बाबा आमटे यांची छावणी



वसंत ऋतूत गावाने एकत्र बसून व्याख्याने ऐकावीत ही चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. ती पुढे तालुक्यातालुक्यांत पोचली आणि आपल्या दारीही आली. या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. तेव्हा विषयही आम्ही आमच्या धंद्याजवळचाच निवडला आहे. तो विषय म्हणजे श्रम, आणि दर उन्हाळ्यात तरुणांना गोळा करून त्यांच्या हाती कुदळ देणारा एक माणूस, बाबा आमटे.

आनंदवनाचे बाबा आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार, १९८६ चे पद्मविभूषण, १९९० चा टेंपलटन पुरस्कार, ही यादी वाचून दाखवण्यात आम्ही आपला वेळ घेणार नाही. आम्हांला बोलायचे आहे ते सोमनाथच्या उन्हाळी छावणीविषयी आणि त्या छावणीच्या नायकाविषयी.

आरंभीच एक शंका मांडतो. श्रमदान हा शब्द कानी पडला की आमच्यासारखा माणूस सावध होतो. आम्ही जन्मभर कामाचे दाम मागत आलो. आणि येथे कोणी म्हणतो की काम करा, दाम मागू नका! आपल्या ठाणे जिल्ह्याला तर फुकटच्या कामाचा इतिहास चांगलाच ठाऊक आहे. जमीनदाराच्या शेतावर आणि घरी बिनपैशांचे राबणे, त्यालाच वेठ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये येथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावकडचे काही वारली बांधव आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी मोठी सभा झाली आणि वेठ करणार नाही असा निर्धार वारल्यांनी केला. गोदावरीबाई परुळेकरांनी ती सारी हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तो मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला. परंतु त्या लढ्याचा वारसा आपलाही आहे. ज्या जिल्ह्याने फुकट राबण्याचे जोखड फेकून दिले, तेथे आपण श्रमदानाचे गोडवे गावे काय? हा प्रश्न खरा आहे. आणि त्याचे उत्तर आम्हांला पुस्तकी चर्चेपेक्षा बाबांच्या चरित्रात अधिक स्वच्छ सापडते.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घर जमीनदारीचे. तरुणपणी मोटार, शिकार, सिनेमा, सारे शौक झाले. वकिलीची परीक्षा देऊन वरोऱ्यास वकिली थाटली आणि ती चाललीही. सेवाग्राम जवळच असल्यामुळे गांधीजींचा सहवास घडला. पण आम्हा कामगारांना त्यांची खरी ओळख पटते ती वरोऱ्याच्या सफाई कामगारांमुळे. बाबा त्या वेळी नगरपालिकेत उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांची संघटनाही बांधीत होते. डोक्यावरून मैला वाहून नेण्याचा तो काळ. त्यांचे दुःख नुसते भाषणात सांगून भागेना. तेव्हा वकीलसाहेबांनी स्वतः पाटी डोक्यावर घेतली. आणि हौस म्हणून एक दिवस नव्हे, सुमारे नऊ महिने ते काम केले.

पुढारी म्हणून मिरवणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटला पाहिजे. मागणीपत्र लिहिणे सोपे असते. ज्याच्यासाठी ते लिहायचे त्याच्या कामाचा वास आणि भार आपल्या अंगाला ठाऊक असणे ही गोष्ट निराळी.

याच काळात एका पावसाळी रात्री गटाराकडेला पडलेला एक कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. तुळशीराम त्याचे नाव. झडलेली बोटे, अंगावर किडे. बाबा भ्याले आणि दूर पळाले. गांधीजींनी ज्याला अभय साधक म्हटले, तो माणूस एका मरणोन्मुख देहाला पाहून पळाला! ही भीती त्यांना सोसवेना. त्यांनी त्या कामालाच हात घातला. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बिऱ्हाड मांडले. बरोबर साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये. आधी हत्यारे घेतली आणि विहीर खणण्यास आरंभ केला.

आनंदवनाचे मर्म येथे आहे. भिकेवर जगणाऱ्या माणसाला बाबांनी भीक दिली नाही, काम दिले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, ही त्यांची धारणा होती. १९६० च्या दशकात याच कुष्ठमुक्त माणसांनी आपल्या हातांनी वरोऱ्याचे आनंदनिकेतन महाविद्यालय बांधले. ज्यांना गावाने वेशीबाहेर घालवले, त्यांनी गावाच्या धडधाकट मुलांसाठी कॉलेज उभारले! देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेबच त्यांनी उलटा करून टाकला.

तरुणांची छावणी ही कल्पना तशी जगाला नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावी काही स्वयंसेवक नेले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांचे तरुण तेथे खांद्याला खांदा लावून पडकी घरे उभी करू लागले. त्याच सेरेसोलची माणसे १९३४ च्या भूकंपानंतर बिहारात येऊन राबली. आणि पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले व त्यांनी इमारती बांधल्या. जे लोक कुष्ठरोग्याच्या हातचे दूध आणि भाजी घेत नव्हते, त्यांनी पाहिले की दूरदेशची गोरी मुले या रोग्यांबरोबर राबतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या थोड्या दिवसांच्या कष्टाने झाले. आमच्यासारख्या व्याख्यात्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे!

पुढे १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे जंगलाच्या कडेला जमीन मिळाली. तेथे कामकरी माणसाचे विद्यापीठ काढण्याचे बाबांचे स्वप्न होते. त्यातूनच श्रमसंस्कार छावणी उभी राहिली. दर मे महिन्यात, परीक्षा आटोपल्या की, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली तेथे येऊ लागली. चंद्रपूरचा मे महिना! आपल्याकडे घामाने जीव नकोसा होतो. तिकडे ऊन अंग भाजून काढते. म्हणून पहाटेच उठावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी मातीकाम करावयाचे. कोठे बांध घालणे, कोठे तळ्याची माती काढणे. दुपारी व्याख्याने आणि वादविवाद, संध्याकाळी गाणी. ज्या शेतावर खपावयाचे ते कुष्ठमुक्त माणसांनी कसलेले. घरी ज्यांच्या सावलीचीही भीती घातली गेली, त्यांच्या शेजारी बसून जेवावयाचे. माती खणता खणता मनातला खडकही फुटे.

आणि नायक कसा? बाबांची पाठ लवकरच निकामी झाली. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणेच अशक्य झाले; एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे पडावयाचे. अशा स्थितीत त्यांनी वर्षानुवर्षे तरुणांना बोलावले. आडवे पडून ते मुलांशी बोलत, वाद घालीत, थट्टा करीत आणि हाक देत. मुलांनी त्यांचे ऐकले. कारण हा माणूस बोलण्यापूर्वी पाटी वाहून आलेला होता, हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी गाठलेल्या वयात, त्यांनी शंभरावर तरुण-तरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे कूच केले. पंजाब त्या वेळी जळत होता. स्वतः गाडीत आडवे पडून ते त्यांच्याबरोबर गेले. १९८८ मध्ये पुन्हा, इटानगरहून ओख्याकडे. आणि १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले, धरणाने ज्यांची घरे बुडणार होती त्यांच्या शेजारी.

त्या छावण्यांना आलेली सारीच मुले कार्यकर्ती झाली असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ घरी गेली, नोकरीला लागली, संसारात पडली. ते तसेच व्हायचे. आठ दिवसांत माणूस बदलत नाही. पण आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे एकदा त्याला कळू शकते. छावणीच्या नायकाचे काम एवढेच. त्याने मुलाला त्या जागी नेऊन उभे करावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा दार उघडे ठेवावे. हे ‘पुन्हा’ फार अवघड असते. एक शिबिर कोणीही घेतो. दशकानुदशके घेण्यास आयुष्य लागते. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात वारले; त्यांच्या मागेही छावणी चालू राहिली.

आता आमच्या शंकेकडे वळू. वेठ आणि श्रमदान यांत फरक कोणता? दोहोंतही पैसा मिळत नाही आणि घाम सारखाच गळतो. बाबांच्या चरित्रावरून आम्ही तीन कसोट्या काढल्या आहेत. पहिली, सांगणाऱ्याने ते काम स्वतः केले आहे काय? वेठीत सांगणारा ओट्यावर बसलेला असतो. दुसरी, करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे काय? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचे होय खरे नसते. तिसरी, आणि आम्हांला सर्वांत मोलाची, या कामाचे फळ कोणाच्या पदरी पडते, आणि या फुकट कामामुळे कोणा गरिबाची मजुरी तर जात नाही ना? तिन्ही कसोट्यांना उतरले तर ते श्रमदान. एकीलाही न उतरले तर नाव काहीही ठेवा, ती वेठच.

या कसोट्या आपल्या दोन तालुक्यांना लावून पाहा. तानसाचे धरण शहापूर तालुक्यात १८९२ साली पुरे झाले. भातसाही याच तालुक्यात. मुंबईची तहान आपण भागवतो. आणि मे महिन्यात कसाऱ्याकडच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. दिवाळीनंतर आपली कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. नवराबायको पहाटेपासून विटा थापतात. मोल हजारी दराने. आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा बयाणा फिटलेलाच नसतो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. कायदा कागदावर आला म्हणून भट्टीवर आपोआप पोचत नाही, हे आम्ही ठिकठिकाणी पाहिले आहे.

अशा वेळी कॉलेजची मुले सात दिवसांच्या शिबिराला पाड्यावर येतात. ती येतात हे चांगलेच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली त्याचसाठी निघाली. परंतु ज्या बांधावर पाड्यातल्या माणसाला मजुरी मिळाली असती तो बांध या मुलांनी फुकट घालावा काय? मुळीच नव्हे. त्यांच्यासाठी काम पुष्कळ आहे. पाड्याची विहीर गाळाने भरली आहे, तो गाळ पाड्यातल्यांना विचारून काढावा. आणि मोजमाप शिकावे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे एक ब्रास माती. एवढी माती मुलाने स्वतः एकदा खणावी, तळहाताचे फोड पाहावेत आणि मग मजुराला एका ब्रासला काय मिळाले ते विचारावे. संध्याकाळी भट्टीवरून परतलेल्या कुटुंबाजवळ बसून त्याचा बयाण्याचा हिशेब वहीत उतरवून द्यावा. ज्या मुलाने एक ब्रास खणली आणि एक हिशेब लिहिला, तो पुढे मामलेदार होवो की मुरबाडच्या कारखान्यात सुपरवायझर होवो, मजुराच्या मस्टरवर सही करताना त्याचा हात क्षणभर थांबेल. आमच्या मते तोच श्रमसंस्कार.

मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. त्या भाईंनीही आधी खेड्यांतून शाळा काढल्या आणि शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्याची खटपट केली होती. ही भूमी नायकांना पारखी नाही. येथे मोठ्या पुतळ्यांची उणीव नाही. उणीव आहे ती दर मे महिन्यात न चुकता पाड्यावर येणाऱ्या, स्वतः आधी घमेले उचलणाऱ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणाऱ्या शिक्षकांची, कार्यकर्त्यांची, निवृत्त माणसांची. या सभेत अशी दोनचार माणसे नक्कीच बसली आहेत. त्यांनी सभा संपल्यावर येथेच थोडे थांबावे. कोणत्या पाड्याची विहीर आधी घ्यावयाची, ते पाड्यातल्या मंडळींना विचारून ठरवू.