वाचनालयाचे अंतरंग

(वार्षिक संमेलनातील भाषण)



गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नूतनीकरणास आपल्या ज्ञातिमंडळाने देणगी द्यावी काय, ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. देणगी अवश्य द्यावी. मात्र ती कशासाठी द्यावी, ह्याविषयी आमचा मतभेद आहे. योजनेत काचेची नवी कपाटे, दर्शनी भागी मोठे टेबल आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी एवढेच आढळते. वाचकाने बसावयाचे कोठे, ह्याचा उल्लेख आम्हांस सापडला नाही.

आज आत पाऊल टाकताच दाराशी आडवे टेबल लागते. त्यामागे कुलूपबंद कपाटे, तीही खिडक्यांच्या तोंडाशी. म्हणून भर दुपारी दिवा लावावा लागतो. पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. ज्यास नावच ठाऊक नाही, त्याने काय मागावे? चौथीतला मुलगा किंवा नुकतीच सासरी आलेली मुलगी त्या टेबलाशी घुटमळून परत फिरते, हे आम्ही नोकरीत असल्यापासून पाहत आलो आहोत.

मध्ययुगीन युरोपात काही ग्रंथालयांतून ग्रंथ साखळीने फळीस जखडून ठेवीत. आपल्याकडे साखळ्या नाहीत, कुलपे आहेत, इतकाच फरक. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात हे सांगते. त्याचे विवरण करताना त्यांनी इमारतीची जागा, उघडण्याच्या वेळा आणि लाकूडसामान यांचाही विचार केला आहे. खुर्ची हाही ग्रंथालयाचा विषय आहे, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते.

हे साहेबी खूळ आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने बडोदे आठवावे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचे तज्ज्ञ अमेरिकेहून आणविले आणि स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. तेथील पोलादी मांडण्यांच्या मजल्यांस जाड काचेची जमीन केली, ती उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढले. ह्या कार्याचा आरंभ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला.

आपल्या गावास काचेची जमीन नको. टेबल दारातून बाजूस सरकवावे. कपाटे खिडक्यांपासून हलवून त्यांची दारे काढावीत. वरचा खण साधारण उंचीच्या माणसाच्या हातास पोचावा. मुलांच्या मांडण्या कमरेइतक्या ठेवाव्यात आणि खाली सतरंजी अंथरावी. मूल पालथे पडून वाचील तर वाचू द्यावे. वृत्तपत्रे चाळणारे आम्हा वृद्धांचे मंडळ ओसरीवर बसवावे, कारण आम्ही फार बोलतो. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना माडीवरची खोली द्यावी. तेथे शांतता असावी आणि विजेची जोडणीही. आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवेच. ज्या वास्तूत ते नाही, तेथे स्त्री अर्ध्या तासाहून अधिक थांबत नाही. हे सभेत बोलण्यास संकोच वाटतो, म्हणूनच ते आजवर झालेले नाही.

पुस्तके चोरीस जातील, ही भीती आम्ही ऐकली आहे. काही जातील. पण कुलपाआड वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांची मोजदाद कोणी करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्ञातीचा पैसा सर्वांच्या वाचनालयात का घालावा? आपल्या कितीतरी मुलांनी तेथील बाकावर बसून परीक्षा दिल्या. त्या वेळी बाकाने कोणास जात विचारली नाही. एकेकाळी 'सार्वजनिक' ही पाटी लावलेल्या कितीतरी दारांतून सर्वांना आत घेत नसत, हेही आपण जाणतो. म्हणून आपल्या पैशाने मांडलेल्या खुर्चीवर अमक्याने बसावे, अशी अट आपण घालू नये.

अट घालावयाची ती एकच: रक्कम प्रथम मुलांची खोली आणि स्वच्छतागृह ह्यांवर खर्च व्हावी, कपाटांचे मागाहून पाहता येईल. पाटी हवीच असेल, तर ती ओसरीच्या भिंतीवर लाकडाची लावावी. तसा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्यास आपण संमती द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.